'वगैरे' या शब्दात कोण कोण आहे

(बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी भाषक आंबेडकरी मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. बावीस वर्षं झाली. माझं निम्मं काम जमिनीचं, आणि त्यातलं निम्मं वारसाचं. त्यामुळे तुमच्यातल्या एकाने फोन करून, "ताई, आमच्या पणजोबांचं प्रोबेट कुठल्या कोर्टात मिळेल?" असं विचारलं तेव्हा मला आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न बरोबर आहे, पत्ता तेवढा चुकलाय. आज त्या पत्त्यावरच बोलायचं आहे.

त्या मुलाच्या डोक्यात हे आलं त्याच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यामुळे. तिकडे काउंटी असते. आपला जिल्हा समजा, पुष्कळदा तालुक्याएवढाच. माणूस मेला की त्याचं मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वारसांची नावं असं सगळं काउंटीच्या कोर्टात एका फाइलीत लागतं, आणि शंभर-दीडशे वर्षांनीही ती फाइल निघते. आता यातली गोम बघा. गुलामगिरी संपण्याआधीच्या या फायलींमध्ये काळ्या माणसांची नावं सापडतात, पण वारस म्हणून नाही. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, बैल आणि नांगराच्या शेजारी, समोर किंमत लिहून. आज त्यांची पणतवंडं त्याच याद्यांमधून आपल्या घराण्याचा माग काढतात. आणि गुलामगिरीनंतर ज्यांनी घाम गाळून जमीन घेतली, त्यांतल्या पुष्कळांनी मृत्युपत्र केलं नाही. कोर्टावर विश्वास नव्हता आणि वकील परवडत नव्हता. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली, चार पिढ्यांत वारस शंभरावर गेले. मग कुणीतरी बाहेरच्याने एका लांबच्या वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात जाऊन सगळ्या जमिनीचा लिलाव मागायचा. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या शेतकऱ्यांच्या किती जमिनी अशा गेल्या! शेवटी 2010 साली याला आवर घालायला एक नमुना कायदा तयार झाला आणि एकेक राज्य तो स्वीकारत गेलं.

हे ऐकताना महार वतन आठवलं ना? मलाही.

आधी प्रोबेटचं सांगून टाकते. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाने दिलेलं प्रमाणपत्र. भारतीय वारसा अधिनियम 1925 चा. आपल्यासाठी त्याची सक्ती ठेवली होती ती मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांपुरती. तिथे केलेली मृत्युपत्रं किंवा तिथली स्थावर मालमत्ता. सोलापूरच्या, बीडच्या, यवतमाळच्या खेड्यात ती सक्ती कधी नव्हतीच. म्हणून तालुक्याच्या कोर्टात पणजोबांची प्रोबेटची फाइल शोधणं म्हणजे नसलेल्या विहिरीत पोहरा सोडणं. आणि मृत्युपत्र करायचं तर देण्यासारखं काहीतरी आपल्या मालकीचं हवं. आपल्या पणजोबांच्या हातात काय होतं? वतन.

वतन म्हणजे जमीन दिली, तिच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्या चाकरी. गावाचा निरोप पोचवा, सरकारी अंमलदाराचं ओझं वाहा, मेलेलं जनावर ओढा, मयताची बातमी परगावी सांगायला पायी जा. गावात हद्दीचा तंटा झाला तर महाराला बोलवायचे आणि तो दाखवेल ती हद्द. विचार करा, साऱ्या गावाच्या शिवेचा साक्षीदार हा, पण त्याच्या स्वतःच्या तुकड्याची वाटणी कागदावर कुठे नाही. 1874 च्या वतन कायद्याने हे सगळं बांधून टाकलं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात तो बदलायचं विधेयक आणलं आणि सरकारची दाद लागत नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी मागे घेतलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 लाच महार वतनं मोडून जमिनी रयतावा केल्या होत्या. बाकी मुंबई इलाख्याला थांबावं लागलं ते 1958 च्या कनिष्ठ गाव वतनं नाहीशी करण्याच्या कायद्यापर्यंत. त्या कायद्याने चाकरी गेली, जमीन सरकारजमा झाली आणि ठरलेली रक्कम भरली की वतनदाराला परत मिळणार होती. रक्कम मुदतीत भरली नाही तर तो आपल्याच जमिनीवर बेकायदा बसलेला ठरणार. आणि परत मिळाली तरी नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. आजच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसतं त्यातली बरीच जमीन ही.

मग आपली 'प्रोबेट फाइल' कुठे आहे? ती एका जागी नाही. तलाठ्याच्या चावडीत थोडी, तहसीलच्या अभिलेख कक्षात थोडी, भूमी अभिलेखात थोडी, दुय्यम निबंधकाकडे थोडी, आणि सगळ्यात जास्त तुमच्या आजीच्या डोक्यात. आजीला आधी गाठा. बाकीचे कागद पावसात भिजले नाहीत तर थांबतील.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची आणि मागे मागे जायचं. नाव जिथे लिहिलेलं असतं तिथे गोलात किंवा कंसात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर मयताचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. आमच्याकडे म्हणतात, "आबाला कंस झाला." तो कंस ज्या फेरफाराने झाला तो काढायचा, त्यात त्याच्या आधीच्या माणसाचं नाव, तिथून त्याचा फेरफार. शिडीच्या पायऱ्या उतरल्यासारखं. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना 6, आणि वारसाच्या प्रकरणांची वेगळी वही असते, नमुना 6-क. फेरफार मागताना 6-क विसरू नका, पुष्कळ जण विसरतात. कारण तलाठ्याने चौकशी करून कोण कोण वारस आहेत हे मुळात तिथे लिहिलेलं असतं. जुन्या स्कॅन केलेल्या नोंदींतल्या काही 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर इथे एचएसआरमध्ये बसून मिळतात. सगळ्या नाही. राहिलेल्यांसाठी नक्कलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, आणि "रेकॉर्ड सापडत नाही" असं तोंडी उत्तर आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. तोंडी उत्तराला काही किंमत नसते. सापडत नाही तर तसं लिहून द्या म्हणायचं. लिहून द्यायची वेळ आली की कागद सापडतो, हा माझा अनुभव आहे.

आता फेरफार वाचायचा कसा? समजा असा एक आहे, मी नावं मनाने घालते: 'खातेदार नामे मारुत्या बिन सिद्या महार वगैरे. पैकी मारुत्या हा मयत. त्यास वारस मुलगा धोंड्या, मुलगा ज्ञान्या अ.पा.क. आई सखू. मुली सासरी नांदतात, हक्क नको म्हणून जबाब. धोंड्या ए.कु.क. म्हणून नाव दाखल.' खाली मंडळ अधिकाऱ्याची सही, 'प्रमाणित'.

पाच ओळी आहेत. यावर मी पाच तास बोलू शकते, पण तुम्हाला दुपारी जेवायचं असेल.

'बिन' म्हणजे चा मुलगा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. ज्ञानू लहान होता, आई त्याच्या वतीने होती. तो सज्ञान झाल्यावर हा शेरा काढायचा असतो. मी साठी उलटलेल्या माणसाच्या नावापुढे अजून 'अ.पा.क.' पाहिलं आहे. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. कागदावर एकट्या धोंडीबाचं नाव आलं म्हणून जमीन एकट्या धोंडीबाची झाली नाही. तो सगळ्यांच्या वतीने उभा आहे. पुढे सातबारा नव्याने लिहिताना ही तीन अक्षरं गळतात. कधी हलगर्जीपणाने, कधी कुणी चहापाणी केल्याने. अक्षरं गळली की धोंडीबाची मुलं मालक आणि ज्ञानूची मुलं पुण्याच्या झोपडपट्टीत. भाऊबंदकीची निम्मी भांडणं या तीन अक्षरांची आहेत, लोक उगाच जाऊबाईंना दोष देतात.

आणि नाव बघा. मारुत्या, सिद्या, धोंड्या. त्याच वहीत, त्याच शाईने, दोन ओळी वर पाटलाचं नाव पुरतं सन्मानाने लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने तुच्छतेने नाव तोडलं, त्याचा त्रास आज तुम्हाला आहे, कारण कोतवाल बुकात मृत्यूची नोंद 'धोंडी महार', शाळेच्या दाखल्यात 'धोंडीबा मारुती कांबळे', आणि फेरफारात 'धोंड्या'. तिघं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागतं, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लागतात. म्हातारे असेपर्यंत घ्या. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही. तिच्यात जात लिहिलेली असते म्हणून लोक ती जात पडताळणीसाठी शोधतात, पण वारस शोधायलाही तीच कामाची. फार जुनं असेल तर मोडीत असतं. मोडी वाचून देणारे लोक मिळतात, पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. खरं तर तुमच्यातल्या दोघांनी मोडी शिकावी. तुम्ही म्हणे महिन्याला एक नवी संगणकाची भाषा शिकता.

आता त्या 'वगैरे'कडे येते. वतन एका माणसाचं नसायचं, साऱ्या महारवाड्याचं असायचं. घराण्याघराण्यांत चाकरीची पाळी फिरायची आणि जमिनीचा उपभोगही. कागदावर मात्र एकदोघांची नावं आणि पुढे 'वगैरे'. कारकुनाला सगळ्यांची नावं लिहायचा कंटाळा, आणि लिहायची गरज कुणाला वाटली? तेव्हा आठ एकरांच्या तुकड्यावर एका नावाने जे उभे आहेत ते मोजायला गेलं तर आज दोनशे निघतात. त्यांतले निम्मे मुंबई-पुण्यात, काही सुरतेला, काही या सभागृहात. या 'वगैरे'मध्ये आपले कोण होते ते शोधायला वतनाच्या जुन्या नोंदी, 1958 च्या कायद्याखाली जमीन परत दिल्याचा आदेश आणि त्यावेळी भरलेल्या रकमेची पावती, ही तीन कागदं फार मोलाची. पावतीवर पैसे कुणी कुणी भरले ते असतं. घरात जुनी ट्रंक असेल तर रद्दी म्हणून काही टाकू नका.

'वगैरे' हे चोरांचंही दार आहे. कुणीतरी येतो, दहा वारसांच्या सह्या घेतो, कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि साऱ्या तुकड्याचा सौदा करतो. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा व्यवहार बातम्यांत गाजला तो तुम्ही वाचलाच असेल. तिथे नावं मोठी होती म्हणून बातमी झाली. माझ्या तालुक्यात दीड एकरासाठी हेच होतं, बातमी होत नाही.

बायकांबद्दल थोडं सविस्तर बोलते. 'मुली सासरी नांदतात, हक्क नको म्हणून जबाब.' हे वाक्य मी शेकडो फेरफारांत वाचलं आहे, जणू रबरी शिक्का. वतनाच्या बाबतीत तर कायदाच तसा होता. 1886 च्या मुंबईच्या पाचव्या कायद्याने शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर वतन घराण्यातल्या बाकी सगळ्या बायकांना प्रत्येक पुरुषाच्या मागे उभं केलं. लांबचा चुलत पुतण्या आला तरी मुलगी त्याच्या मागे. वतन गेलं तसा तो अडसरही गेला. त्याआधीच 17 जून 1956 ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला होता. इथे एक शंका मला दर सभेत विचारतात: आपण तर त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बौद्ध झालो, मग हा कायदा आपल्याला लागू कसा? लागू आहे. कलम 2 मध्ये बौद्ध, जैन, शीख स्पष्ट लिहिले आहेत. धम्म घेतला म्हणून कुणाचा हिस्सा बुडाला नाही, आणि तसं सांगणारा भाऊ खोटं बोलतो आहे.

तोंडी किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तेव्हा आत्याच्या नावचा तसा दस्त आहे का, हे दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक 2 मध्ये शोधायचं. नसेल तर आत्याचा हिस्सा शाबूत आहे असं धरून तिच्या मुलांशी बोला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने आला, आणि वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. हे मी बोलते तेव्हा पुढच्या रांगेतले पुरुष घड्याळ बघतात. आजही दोघांनी बघितलं. आपण मनुस्मृतीचं दहन सांगतो, बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं हे सांगतो, आणि बहिणीचा जबाब लिहून घेताना तलाठ्याला पेन देतो.

परत दिलेल्या वतन जमिनीबद्दल एक निकाल लक्षात ठेवा, नागेश बिस्तो देसाई, 1982. कुंदगोळच्या देसायांचं वतन, म्हणजे आपल्यासारख्यांचं नव्हेच. थोरल्या शाखेचं म्हणणं, जमीन माझी एकट्याची. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परत दिलेली जमीन साऱ्या एकत्र कुटुंबाच्या उपयोगाची, वाटणी होणार. देसायांच्या भांडणातलं हे तत्त्व मी महारवाड्यातल्या विधवांसाठी वापरते. बरं वाटतं.

फेरफाराने मालकी मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. ती महसुलासाठीची नोंद आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकंच. म्हणजे नाव नाही म्हणून हक्क गेला असं नाही, आणि नाव आहे म्हणून निर्धास्त झोपायचं असंही नाही. माणूस गेल्यावर 3 महिन्यांत वारसाची वर्दी द्यायची असते. उशीर झाला म्हणून वारसपण संपत नाही. वर्ग 2 ची जमीन आहे म्हणून वारस नोंदीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वारस लागणं ही विक्री नव्हे. आणि हा अर्ज आता 'ई-हक्क'मधून इथूनही करता येतो.

कोर्टाकडे जावं लागतं ते दोन कागदांसाठी, आणि लोक त्यांचा घोळ करतात. बँकेतली रक्कम, फंड, शेअर यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, 1925 च्या कायद्याखाली. आणि 'हा याचा वारस' एवढं ठरवून घ्यायला वारस दाखला, तो अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. एल्फिन्स्टनच्या काळचा कायदा आहे, हसू नका, चालतो. घराण्यात पूर्वी कुणी असा दाखला काढला असेल, किंवा वाटपाचा दावा लढला असेल, तर त्याचा निकाल आणि हुकूमनामा दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्डात मिळू शकतो, आणि दाव्यासोबत वंशावळ जोडलेली असते. ती वंशावळ म्हणजे खजिना. प्रोबेटच्या फाइलीच्या सगळ्यात जवळ जाणारा आपल्याकडचा कागद हाच. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली असेल तर ते निबंधकाच्या 3 नंबरच्या पुस्तकात असतं. करणारा गेल्यावर मृत्यूचा दाखला देऊन नक्कल मागता येते.

तुमच्यात निपाणी-बेळगाव-विजापूरकडचे आहेत, त्यांच्यासाठी वेगळं. 1 नोव्हेंबर 1956 ला तुमची गावं म्हैसूर राज्यात गेली, त्यामुळे मुंबईचा 1958 चा कायदा तुम्हाला नाही. तुमच्याकडे 1961 चा कर्नाटकचा ग्राम हुद्दे रद्द करण्याचा कायदा. सातबाऱ्याऐवजी पहाणी, आणि ती 'भूमी'वर मिळते. जुने फेरफार मात्र पुष्कळदा मराठीत, मोडीत निघतील, आणि तिथल्या कार्यालयात ते वाचणारं कुणी नसेल. तुम्हीच वाचायचे. इथल्या म्हैसूर भागातही तोटी, तळवार, नीरगंटी होते, चाकरीच्या इनाम जमिनी होत्या. शिवाय 1978 चा कायदा आहे, अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन विकण्यावर बंदी घालणारा आणि विकलेली परत मिळवून देणारा. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. इथे बंगळुरू विकास प्राधिकरणाने वसाहत आखली त्याआधी शेतं होती, आगरा आहे, सोमसुंदरपाळ्य आहे. त्या शेतांच्या पहाणीवर कुणाची नावं होती आणि कुणाची 'वगैरे'मध्ये गेली, हे कन्नड वाचणाऱ्या तुमच्या मित्रांनी कधीतरी काढावं.

आता माझ्याकडे एका जुन्या फेरफाराच्या चाळीस झेरॉक्स आहेत, नावं झाकलेली. दोघांत एक घ्या. चहा येईपर्यंत त्यात वारस किती आणि गाळलेले किती ते शोधा. ज्यांनी स्वतःच्या गावचा सातबारा मोबाईलवर आणलाय त्यांनी माझ्या टेबलाजवळ या, फेरफाराचा नंबर आधी हाताने लिहून आणा, स्क्रीनवरचा मला चष्म्यातून दिसत नाही.